बर्फाच्या लाद्या आणि बाबा

आई गेल्यावर मी बाबांना नागपूरहून गाझियाबादला आणलं. तोवर त्यांचा विसराळूपणा वयाचा वाटायचा. इथे आल्यावर कळलं, तो आजार आहे. चहा प्यायला की नाही इथपासून मी त्यांची कोण इथपर्यंत, काहीही निसटायचं. दिवसभर ते बाल्कनीत गप्प बसून असत.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी त्यांना दिल्लीत एका प्रदर्शनाला नेलं. वितळत्या ध्रुवप्रदेशांवरचं होतं. "आत मस्त गार असतं यार, अंकलना बरं वाटेल," ऑफिसातली मैत्रीण म्हणाली होती. अंधाऱ्या हॉलच्या चारही भिंतींवर बर्फाचे कडे तुटून समुद्रात कोसळत होते. पायाशी धुकं सोडलेलं. मधोमध खऱ्या बर्फाची लादी ठेवली होती आणि तिचा टपकणारा प्रत्येक थेंब स्पीकरवर घुमत होता. मी बघतच राहिले. वळले, तर बाबा शेजारी नव्हते.

हाका मारल्या, त्या गडगडाटात कुणाला ऐकू जाणार? दारावरच्या गार्डला विचारलं, "भैया, सफेद कुर्ते में एक बुज़ुर्ग देखे?" त्याने नकारार्थी मान हलवली. बाहेर भरधाव रस्ता. बाबांकडे फोन नाही, घराचा पत्ता आठवत नाही. मी परत हॉलमध्ये धावले.

तेवढ्यात काळ्या पडद्यामागून आवाज आला. चढा, हुकमी. "अरे, चादर से क्या होता? लकडी का भूसा लाओ! बोरे लाओ!"

पडदा सारून आत गेले. तिथे राखीव लाद्या ठेवल्या होत्या आणि बाबा उकिडवे बसून त्या एकमेकींना खेटून रचत होते. त्यांनी आयुष्यभर बर्फाच्या कारखान्यात नोकरी केली होती, हे तिथे येताना माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. प्रदर्शन मांडणारी तरुण चित्रकार ओल्या बाह्यांनी त्यांच्यासमोर उभी होती.

"अंकल, रोज शाम से पहले ही सब पिघल जाता है," ती म्हणाली.

"फट ठेवली की हवा शिरते," बाबांनी तिला मराठीतच बजावलं. तिने लगेच मान डोलावली.

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि रडू फुटलं.

बाबांनी वर पाहिलं. "काहून रडतेस गं?" आणि त्यांनी मला माझ्या लहानपणीच्या नावाने हाक मारली. कित्येक महिन्यांनी.

कुणीतरी जवळच्या भाजीबाजारातून गोणपाटं आणली. लाद्या नीट झाकल्याशिवाय बाबा हलले नाहीत. मेट्रोत माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले.

दुसऱ्या दिवशी त्यांना यातलं काहीच आठवत नव्हतं. संध्याकाळी त्या मुलीचा फोन आला, आज बर्फ शेवटपर्यंत पुरला म्हणून. मी बाबांच्या प्रत्येक कुर्त्याच्या खिशात माझा नंबर लिहिलेली कापडी पट्टी शिवली, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या शेजारी बसून निवांत चहा प्यायले.