दुहेरी सात

गल्लीतले लोक तिला कवळीबाई म्हणायचे आणि तिला त्याचं काहीच वाटत नसे. दातांच्या प्रयोगशाळेत ती कवळ्या बनवायची. अर्ध्या गावाचं हसू आपल्या हातचं आहे, असं ती छातीठोकपणे सांगायची. समोर कोण बसलंय याची तिला कधी भीड पडली नाही. सासऱ्यांचीही नाही.

सासरे, म्हणजे अण्णा, बसचे निवृत्त कंडक्टर. नोकरीत असताना चामड्याच्या पिशवीत एखादं वेगळं नाणं पडलं, की स्वतःच्या खिशातलं तेवढ्याच किमतीचं पिशवीत टाकायचे आणि ते घरी आणायचे. त्यांच्या अल्बममध्ये प्रत्येक प्रकाराला एकच कप्पा होता. जहाज डावीकडे तोंड करून असलेलं नाणं एक, उजवीकडे तोंड असलेलं दुसरं, जहाजाभोवतीची वेल काढून टाकल्यावरचं तिसरं. बाकीची सगळी डब्यात, ‘जास्तीची’ म्हणून.

एका शनिवारी तो डबा घेऊन ते नाणी संग्राहकांच्या मंडळात निघाले. अदलाबदलीचा दिवस होता.

“जरा थांबा अण्णा,” सून म्हणाली. “न बघता कशी देऊन टाकता?”

“बघायचं काय त्यात? जहाज तेच, साल तेच. मग नाणंही तेच.”

तिनं कामाचं भिंग डोळ्याला लावलं आणि डबा टेबलावर पालथा केला. अण्णांनी कपाळाला हात लावला, पण चपला काढून बसले. बऱ्याच वेळानं तिनं एक नाणं त्यांच्यापुढे सरकवलं. सालातल्या साताला चिकटून दुसऱ्या साताची बारीक कड दिसत होती.

अण्णा ताडकन उठले. “नवा प्रकार! आजवर कुणी नोंदवलेला नाही!” आणि ती काही बोलायच्या आत त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष पेशानं घड्याळजी, मोजकं बोलणारे. पुढच्या बैठकीत घेऊन या, म्हणाले.

फोन ठेवल्यावर सून म्हणाली, “अण्णा, हा प्रकार नाही.”

“मग काय आहे?”

“प्रकार तुम्हीच मला शिकवलात. टाकसाळीनं ठरवून चित्र बदललं, वेल काढली, अक्षरं बदलली, तर नवा प्रकार. इथं कुणी काही ठरवलेलं नाही. ठशावर सात ठोकताना कारागिराचा हात सरकला, त्यानं पुन्हा ठोकला. त्या एका ठशानं जेवढी नाणी निघाली, तेवढ्यांवर हे दोन सात आले. हा ठशातला फरक. तोही आहे, असं सिद्ध झालं तर.”

अण्णांचा चेहरा उतरला. त्या रात्री ते अर्ध्या जेवणावरून उठले. “तू आणि तुझी नाणी, बाबांना कशाला दुखवतेस?” असं नवऱ्यानं म्हटल्यावर तिनं त्यालाच भाजी वाढायला लावली. तिला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण खोटं बोलून म्हाताऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि मग बैठकीत सगळ्यांनी मिळून खाली उतरवायचं, हे तिला पटेना.

सोमवारी ती कामावरून प्लॅस्टरचे दोन जबडे घेऊन आली आणि तिनं ते अण्णांच्या चहाशेजारी ठेवले.

“हे कुणाचे?” अण्णा दचकले.

“एकाच माणसाचे. तोंडाचं माप एकदाच घेतलं, त्यात दोनदा प्लॅस्टर ओतलं. ही गाठ बघा. मापात हवेचा बुडबुडा राहिला होता, म्हणून दोन्हीवर एकाच जागी उठली. आता हा टवका बघा. तो एकालाच आहे, कारण हा माझ्या हातून पडला.”

अण्णांनी दोन्ही जबडे जवळ धरले, लांब धरले. मग हळूच म्हणाले, “म्हणजे तसलाच सात दुसऱ्या नाण्यावर, अगदी त्याच जागी सापडला पाहिजे.”

“बरोबर. नाहीतर ते एकट्या नाण्याचं दुखणं.”

त्यानंतर अण्णांनी डबा ताब्यात घेतला. खिडकीशी बसून एकेक नाणं भिंगाखाली धरायचे, डोळे चोळायचे, पुन्हा धरायचे. सून प्रयोगशाळेत असताना त्यांचा फोन आला. हॅलोबिलो काही नाही. “सापडला!” एवढंच ओरडले आणि ठेवून दिला.

घरी येऊन तिनं दोन्ही नाणी शेजारी ठेवली. दुसरं बरंच झिजलेलं होतं, तरी जादा साताची कड त्याच कोनात, तेवढीच बाहेर आलेली. ती सासऱ्यांकडे बघून मान डोलवत राहिली. “अण्णा, झिजलेल्या नाण्यावर मला हे दिसलं नसतं.”

“तीस वर्षं कंडक्टर होतो,” अण्णा म्हणाले आणि जबडे बाजूला सारून चहाला जागा केली.

बैठकीत सून बोलायला उभी राहणार, तोच अण्णा उठले. एकाच ठशाची दोन नाणी, प्रकार जुनाच, फरक ठशाचा, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या रांगेतला एक कापडवाला म्हणाला, “एवढं शोधलंत, तर नवा प्रकार म्हणून टाका की! नाव होईल.”

“असं कसं?” अण्णा उसळले. “चित्र बदललंय का? मग प्रकार कुठून आला?”

घड्याळजींनी दोन्ही नाणी आपल्या भिंगाखाली बराच वेळ फिरवली. “ठसा एकच,” ते म्हणाले. मंडळाच्या प्रदर्शनात त्या दोघांना एक काचेची पेटी मिळाली. वरच्या ओळीत अण्णांचे प्रकार, खाली सुनेचे ठशाचे फरक. कोणती ओळ रुंद ठेवायची यावरून दोघांत जे वाजलं, ते ऐकून घड्याळजींनी पेटी त्यांच्यावरच सोपवली आणि बाहेर जाऊन उभे राहिले.