बाटलीतला गाळ

माझा बा मारकुटा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या भावकीत अजूनही त्याला देवमाणूस म्हणतात आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. आमटीत मीठ जास्त पडलं, बैलानं दावं तोडलं, पाहुणे न सांगता आले, कशावरूनही त्याचा हात उठायचा आणि उठायचा तो आईवरच. मुळशीच्या धरणाकाठी आमची भातखाचरं होती आणि घर गावापासून जरा बाजूला. आईचा आवाज कुणाच्या कानावर जात नसे. गेला असता तरी कुणी आलं नसतं.

मी सोळा-सतरा वर्षांची असताना बाला साखरेचा रोग झाला. धडधाकट माणूस वाळून काटकी झाला. घागरी रिकाम्या करील इतकं पाणी प्यायचा आणि दिवसभर ओसरीवर भिंतीला टेकून बसायचा. हात उचलायचीसुद्धा ताकद राहिली नाही. त्या वर्षी आईच्या अंगावर एकही नवा वळ दिसला नाही. ती त्याच्याशेजारी निवांत तांदूळ निवडत बसायची, तेव्हा मला वाटायचं, असंच चालू दे. आईला तसं वाटलं नाही. तिनं चुलत्याला गाडी जुंपायला लावली आणि बाला पौडच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही बरोबर होते.

डॉक्टरांनी बाची लघवी निळ्या औषधात उकळली, ती विटेसारखी लाल झाली, म्हणजे साखर भरपूर. ते म्हणाले, इन्सुलीन टोचलं नाही तर माणूस राहणार नाही. गूळ, साखर बंद. इन्सुलीन दोन तऱ्हेचं होतं. एक पाण्यासारखं स्वच्छ, ते लगेच काम करतं आणि लगेच संपतं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा टोचावं लागतं. दुसरं दुधासारखं पांढरट, सावकाश उतरणारं, सकाळी एकदा टोचलं की दिवसभर पुरतं. लावणीच्या दिवसांत आम्ही उजाडल्यापासून चिखलात असायचो, दुपारी घरी येऊन सुई कोण उकळणार? डॉक्टरांनी दुधाळ औषध दिलं. सुई कशी उकळायची, मांडीत कशी टोचायची, हे आईला शिकवलं. बाटली गार राहायला हवी होती. आमच्या धरणाची वीज मुंबईला जायची, आमच्या घरात मात्र रॉकेलची चिमणी. म्हणून बाटली मडक्यात, ओल्या वाळूत ठेवायची ठरली. टोचण्याआधी ती तळहातात घोळवून घ्या, असंही डॉक्टर म्हणाले असतील, माझं लक्ष सुईकडे होतं. आई तेव्हा रडत होती, तिनं काय ऐकलं देव जाणे.

आमच्याकडे पावसाळ्यात ओढ्याचं पाणी तांबडं येतं. घागरीत तुरटी फिरवायची, गाळ बसू द्यायचा आणि धक्का न लावता वरची निवळ तेवढी काढून घ्यायची. गाळ कुणी पीत नाही, तो पोटात गेला की माणूस आजारी पडतो, हे आमच्याकडच्या पोराटोरांनाही ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मडक्यातून बाटली काढली तर तळाशी पांढरा साका बसलेला आणि वर स्वच्छ पाणी. गाडीच्या धक्क्यानं काल ढवळलं होतं, आता बसलं, असं ती म्हणाली. मग बाटली जराही न हिंदकळू देता, अलगद तिरकी धरून, वरची निवळ तेवढी तिनं सुईत ओढली. नवऱ्याच्या अंगात घाण जाऊ नये म्हणून ती जीव मुठीत धरून हे रोज करायची.

बाला गुण येईना. डॉक्टरांकडे लघवी नेली की लालच. त्यांनी औषध वाढवलं. त्यावर बा जेमतेम खाचरापर्यंत जाऊ लागला, एवढंच. पुढे बाटली सरत आली आणि तळाशी नुसतं दाट, पांढरं उरलं. पुण्याहून येणारं औषध आईला टाकवेना. तिनं तेही टोचलं.

त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी बा खाचरातून घरी आला तो घामानं निथळत. भातकापणीचे दिवस, हवेत गारवा, आणि ह्याचा सदरा पिळून काढावा असा भिजलेला. हात थरथरत होते. डोळे आमच्याकडे होते, पण त्यात ओळख नव्हती. त्यानं गूळ मागितला. आई म्हणाली, डाक्टरनी बंद केलाय. त्यानं तिचा अंबाडा धरला आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं. तो माळ्यावरच्या गुळाच्या गाडग्याकडे निघाला, तर आईनं त्याच्या पायाला मिठी घातली. तिला वाटत होतं, गूळ म्हणजे त्याला विष. त्यानं तिच्या छातीत लाथ घातली. तिनं पाय सोडला नाही. त्यानं पुन्हा घातली. मी उखळाशेजारचं मुसळ उचललं आणि बाच्या दंडावर हाणलं. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

चुलता धावत आला, मागून भावकी आली. सगळे म्हणाले, वारं लागलंय, कुणीतरी अंगात शिरलंय. बाला गोठ्यातल्या खांबाला बांधलं आणि निरगुडीच्या फोकांनी झोडपलं. तो आधी ओरडत होता, शिव्या देत होता, मग मान टाकून लोंबकळला. भावकी घरी गेल्यावर आईनं फुटक्या भुवईनंच त्याला दूधभात भरवला. अर्ध्या घटकेत तो शुद्धीवर आला आणि विचारू लागला, मला का बांधलंय. त्याला काहीएक आठवत नव्हतं. वारं उतरलं, असं चुलता छाती पुढे काढून सांगत फिरला.

नवी बाटली आली की बा शांत असायचा. ती सरत आली की पुन्हा तेच. एकदा त्यानं आईचे पुढचे दात पाडले, एकदा तिचं मनगट मोडलं. प्रत्येक वेळी तो गूळ मागायचा, आई आडवी यायची आणि मार खायची. एक दिवस हा हिला मारून टाकणार, हे मला दिसत होतं. शेवटी चुलत्यानं बैलाची साखळी आणून गोठ्यात ठेवली. ह्याला आता कायमचा बांधून ठेवायचा, असं त्यानं ठरवलं. मी त्याच्या बाजूची होते.

"बांधून ठिवल्यावर त्यो जगायचा न्हाई," आई म्हणाली. "आदी डाक्टरला इचारू."

तिच्या हाताला बांबूच्या कांबी बांधलेल्या, म्हणून सुई आता मी टोचणार होते. औषधाचं मडकं मांडीवर घेऊन मी, आई आणि चुलता पौडला गेलो. डॉक्टर म्हणाले, कसं टोचतेस ते मला दाखव. मी आईसारखीच बाटली अलगद उचलली, तिरकी धरली आणि वरची निवळ ओढायला लागले. डॉक्टरांनी माझा हातच धरला. हे कधीपासून असं करताय, त्यांनी विचारलं. आई अभिमानानं म्हणाली, पहिल्यापासून, गाळ कधी हलू दिला नाही.

डॉक्टर म्हणाले, तो गाळच औषध आहे. तुम्ही आधी नुसतं पाणी टोचत होता, आणि शेवटी एकदम जहाल औषध. त्यानं रक्तातली साखर तळाला जाते, डोक्याला अन्न मिळत नाही, माणूस स्वतःला ओळखत नाही. त्या वेळी त्याला गूळच द्यायचा असतो. तो गूळ मागत नव्हता का, असं त्यांनी विचारलं.

मग औषध बदलायचं का, याचा डॉक्टरांनी पुन्हा विचार केला. याहून लांब चालणारं एक इन्सुलीन होतं, पण ते दीड दिवस अंगात रेंगाळायचं आणि झोपेत साखर उतरली तर कुणाला पत्ता लागला नसता. हे दुधाळ दुपारनंतर जोर धरायचं. "घरातली माणसं जागी असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत जोर करील तेच औषध तुमच्या घराला बरं," ते म्हणाले. तेच ठेवलं, पण कमी करून. बाटली घोळवायची, तिसऱ्या प्रहरी भाकरी चुकवायची नाही, आणि गुळाचा खडा कायम जवळ बाळगायचा.

परतताना गाडीत आईचा चेहरा असा उजळला होता की मी तो तसा कधी पाहिला नव्हता.

"बगितलंस?" ती मला म्हणाली. "ते मारत न्हवतं. औषध मारत हुतं."

मी म्हटलं, आणि रोग व्हायच्या आधी?

"तवाबी आत रोग असंल. कुणाला ठावं."

दात पडलेल्या तोंडानं हसणाऱ्या बाईला आणखी काय बोलायचं.

ते झटके खरंच थांबले. बाच्या अंगावर मांस चढलं, तो नांगर धरू लागला. आई गुळाचा खडा कनवटीला बांधून त्याच्या मागे-मागे असायची. बरेच महिने घरात शांतता होती आणि मलाही वाटायला लागलं की बाच्या बाबतीत माझंच चुकलं असेल.

मग एका दुपारी बैल सुटून शेजाऱ्याच्या भातात शिरला. बा नुकताच भाकरी खाऊन उठला होता. त्यानं दाराआडचा आसूड घेतला आणि आईच्या पाठीवर ओढला. ती पडली. पडल्या-पडल्या तिचा हात कनवटीला गेला, आणि तिनं गुळाचा खडा त्याच्यापुढे धरला.

"आदी ह्यो खावा. साखर उतरलीया तुमची."

बाच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. हात स्थिर होता. त्यानं गुळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"भाकर आत्ता खाल्ली की," तो शांतपणे म्हणाला. "मला काय झालं न्हाई." आणि पुन्हा आसूड ओढला.

आईनं हातातून पडलेला तो गूळ मातीतून उचलून परत कनवटीला बांधला. त्याच आठवड्यात ती मला घेऊन पौडला गेली. औषध बसत नाही, दुसरं द्या, असं तिनं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी बाची लघवी उकळली. निळी राहिली. त्यांनी ती नळी खिडकीच्या उजेडात धरून तिला दाखवली आणि आनंदानं म्हणाले, औषध अगदी बरोबर लागू पडलंय, आता काहीही बदलायची गरज नाही. आईनं पुन्हा विचारलं, खरंच बरे हायेत का ते. डॉक्टर म्हणाले, पूर्ण बरे. आई तिथंच बाकावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. आनंदानं रडताहेत, असं डॉक्टरांना वाटलं.