पुढच्या खोलीतून सुटणारी धुळ्याची गाडी

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी जळगावच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. वरणगावच्या फॅक्टरीतल्या एका अधिकाऱ्याशी गाण्याच्या वेडापायी ओळख झाली होती. त्याच्याकडे परदेशातून आणलेले दोन स्पीकर होते. टेबलावर ठेवायचे नव्हेत, तर जमिनीवर उभे राहणारे, माझ्या छातीला लागतील एवढे. बाहेरून अक्रोडाचं लाकूड, पुढून काळं कापड. एकेक उचलायला दोन माणसं लागायची. त्याची बदली लांब झाली, एवढं धूड नेणं त्याला जमेना, आणि जोडी माझ्याकडे आली. किती दिले ते सांगत नाही. बायकोला तेव्हा जो आकडा सांगितला, तोच मी आजवर टिकवून ठेवला आहे.

केळीच्या एका टेम्पोतून ते जळगावला आले. खरचटू नयेत म्हणून टेम्पोवाल्याने घडांना लावतात तसा केळीचा वाळलेला पाला सगळीकडून कोंबला होता. गल्लीत उतरवताना कुणीतरी विचारलं, "कपाटं आणली का?" मी हो म्हणालो. फुशारकी नको, म्हणून. मग दुसऱ्याने विचारलं, "दारं कुठंयत?" त्यावर माझी बायको म्हणाली, "दारं मागून येणार आहेत." ती शाळेत मराठी शिकवायची आणि खोटं बोलताना तिचा चेहरा अजिबात हलायचा नाही.

आठवड्याभरात तिने त्या दोघांना 'जावई' म्हणायला सुरुवात केली. कारण त्यांना पुढच्या खोलीतली सगळ्यात चांगली जागा लागायची, भिंतीपासून हातभर लांब. त्यांच्यावर काही ठेवायचं नाही, त्यांना ऊन लागू द्यायचं नाही. शिवाय ते बोलायला लागले की बाकीच्यांनी गप्प बसायचं. एप्रिलमध्ये तर प्रकरण हातघाईवर आलं. जळगावच्या उन्हाळ्यात खिडकीतला कूलर दिवसभर घरघरतो, आणि त्या घरघरीत तानपुरा कसा ऐकू येणार? मी कूलर बंद करायचो. बायको उठून चालू करायची. शेवटी असं ठरलं की एका तबकडीची एक बाजू होईपर्यंत कूलर बंद राहील. तेव्हापासून ती मला तबकड्या निवडून द्यायला लागली. ज्यांची बाजू लवकर संपते, अशा.

पण खरा विरोध भिंतीपलीकडून होता.

आमचं घर चाळवजा बैठ्या घरांपैकी एक. मधली भिंत सामाईक, ओटे शेजारी शेजारी. पलीकडे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड एकटेच राहत. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नाशिकला. नाना मूळचे अमळनेरकडचे. शांत असले की शुद्ध मराठी बोलत आणि चिडले की अहिराणीवर येत. स्पीकर आल्यानंतर मी त्यांच्याकडून बहुतेक अहिराणीच ऐकली.

पहिल्याच रविवारी ते काठी घेऊन दारात उभे राहिले. "प्रोफेसर, हाई काय चाललं शे? मन्या कपबश्या नाचतस."

मी माफी मागितली, आवाज कमी केला, आणि त्यांना आत बोलावलं. वाटलं, एकदा समोर बसून ऐकलं की माणूस विरघळेल. त्यांना बरोबर मधल्या खुर्चीत बसवलं आणि सतार लावली. नानांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चांगलं आहे. पण खोक्यातलं आहे."

"नाना, डोळे मिटून ऐका. वादक समोर बसल्यासारखा वाटतो की नाही?"

"नाही वाटत. तीस वर्षं गार्डाच्या डब्यात काढली मी. चाक कुठलं खडखडतंय ते बसल्या जागी सांगायचो. मना कान अजून शाबूत शेतस. खोकाना आवाज खोकानाच राहस."

एवढं बोलून, चहा पिऊन ते गेले. मला ते फार लागलं. कपबश्यांचं काही नाही, पण 'खोक्यातलं' हा शब्द मी आठवडाभर चघळत होतो. शेवटी मनात एक योजना आली आणि ती मी बायकोला सांगितली. तिने मला थांबवायला हवं होतं. त्याऐवजी ती म्हणाली, "दादाला बरोबर घे. त्याला स्टेशनवर ओळखतात."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तिचं माहेर धुळ्याचं. धुळ्याहून चाळीसगावला जाणाऱ्या गाडीला तेव्हा अजून वाफेचं इंजिन होतं, आणि नानांनी नोकरीची कितीतरी वर्षं त्याच गाडीवर काढली होती. पुढच्या सुट्टीत मी माझा टेपरेकॉर्डर आणि एक बरा स्टिरिओ माईक घेऊन धुळ्याला गेलो. सासूबाईंना वाटलं, जावई भेटायला आले. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. शेवभाजी खाल्ली आणि दादाला घेऊन स्टेशन गाठलं.

वारा माईकमध्ये शिरू नये म्हणून दादाचा मफलर त्याला गुंडाळला. फलाटाच्या टोकाला, इंजिनापासून वीस पावलांवर आम्ही दोघं उभे. लोकांना वाटलं, रेडिओवाले आले आहेत. एक केळीवाला तर माईकसमोर येऊन आपल्या मालाची सगळी माहिती सांगून गेला. मग गार्डाची शिट्टी, इंजिनाची लांब शिट्टी, वाफ सुटल्याचा फुत्कार, आणि ते जड, एकेक पाऊल टाकत निघाल्यासारखे ठोके. ठोके जुळत गेले, डबे खडखडत निघून गेले. सगळं नीट कॅसेटमध्ये उतरलं. फक्त गाडी सुटता सुटता दादाला धुरामुळे शिंक आली.

जळगावला परत आल्यावर रविवारची सकाळ निवडली. नाना त्या वेळी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसत. मी दोन्ही स्पीकर खिडकीकडे वळवले, अँप्लिफायरचं बटण एरवी कधी नेत नसे तिथपर्यंत नेलं, आणि कॅसेट सुरू केली. बायको आणि मी पडद्याआडून बघत होतो.

आधी फलाटावरचा कलकलाट आला. नानांनी मान वर केली. मग शिट्टी झाली, इंजिनाने साद दिली आणि पहिला ठोका पडला. खिडकीची तावदानं थरथरली. नाना उभे राहिले. वर्तमानपत्राची त्यांनी घडी घातली, दोन पावलं पुढे ओट्याच्या कडेला आले आणि उजवा हात सरळ बाहेर काढून ती घडी हळूहळू हलवायला लागले. आमच्या गल्लीपासून रूळ बरेच लांब होते, पण नाना डावीकडून उजवीकडे मान फिरवत अख्ख्या गाडीला हिरवा झेंडा दाखवत होते.

मी तोंडात रुमाल कोंबला होता. बायको मात्र हसायची थांबली. हळूच म्हणाली, "आता बस झालं." मला ते ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

डबे निघून गेल्यावर नाना अनवाणीच आमच्याकडे आले. काठी नव्हती. दारात उभं राहून त्यांनी आधी स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय नाना," मी म्हणालो, "खोक्यातलं वाटलं का?"

"म्हणजे काय? मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

"मग झेंडा कुणाला दाखवत होता?"

"माशी होती," नाना म्हणाले. "माशी हाकलत होतो."

बायकोने मला डोळ्यांनी दटावलं आणि पाणी आणायला गेली. नाना मधल्या खुर्चीत बसले. म्हणाले, "परत लावा."

मी परत लावली. या वेळी त्यांनी डोळे मिटले होते. "धुळं आहे," ते म्हणाले. "मालधक्क्यावरून आवाज परत येतो, ऐका. डबे सात. तिसऱ्याचा ब्रेक घासतोय." शिट्टी वाजली तशी त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हाऊ गार्ड कच्चा शे. ही काय शिट्टी झाली? बाळाला झोपवतोय जसा. आणि गाडी सुटताना शिंकलं कोण?"

"माझा मेहुणा."

"त्याला सांगा, गाडी सुटताना शिंकायचं नाही. प्रवासाला निघालेली माणसं असतात आत."

त्या दिवसापासून आमच्या पुढच्या खोलीचं स्टेशन झालं. दुपारी चारला, माझं कॉलेज सुटलं की नाना हजर. चहा आणि गाडी, गाडी आणि चहा. सतार लावायला गेलो तर म्हणायचे, "ती नंतर. आधी गाडी जाऊ द्या." एकदा भुसावळहून त्यांचे दोन दोस्त आले, एक निवृत्त ड्रायव्हर आणि एक स्टेशनमास्तर. तिघांनी माझ्या जावयांसमोर बसून वाफ जास्त सोडली की कमी, यावर दोन तास वाद घातला. मी मधे बोलायचा प्रयत्न केला तेव्हा ड्रायव्हरने विचारलं, "तुम्ही कुठल्या डिव्हिजनला होता?"

त्या कच्च्या शिट्टीचं दुःख मात्र नानांच्या मनातून जाईना. दर वेळी ती वाजली की ते कळवळायचे. आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

धुळ्याला एक डॉक्टर होते, दादाचे मित्र. त्यांच्या घरीही परदेशी स्पीकर होते, भावाने पाठवलेले. ते कधीमधी गाडी काढून जळगावला येत, माझ्या खोलीत खडूने खुणा करून खुर्ची सरकवत, आणि मग माझ्या स्पीकरांत काय काय उणं आहे ते तपासून सांगत. रोग्याला सांगावं तसं, अगदी हळुवारपणे. एकदा ते म्हणाले, "माझे डोळे बांधा. खरा आवाज कुठला आणि वाजवलेला कुठला, मी झोपेतही सांगेन."

हे नानांनी ओट्यावरून ऐकलं. डॉक्टर गेल्यावर ते माझ्याकडे आले. हातात पितळेची शिट्टी होती, नोकरीतली, पिवळीधमक घासलेली. त्यांनी एवढंच विचारलं, "पुढच्या वेळी कधी येताहेत?"

डॉक्टर पुढच्या महिन्यात आले. मी सांगितलं की एक नवीन कॅसेट मिळाली आहे, मत हवंय. ते खडूच्या खुणेवर बसले, चष्मा काढून डोळे मिटले. डाव्या स्पीकरच्या मागे स्वयंपाकघराचा पडदा होता आणि पडद्यामागे नाना. बायको त्यांच्या शेजारी उभी राहून पडद्याच्या कडेतून मला दिसेल असा हात वर धरून होती.

कॅसेट सुरू झाली. कच्च्या शिट्टीची वेळ आली तसा मी आवाज जरासा खाली घेतला, बायकोने हात खाली केला, आणि नानांनी आपल्या शिट्टीत तीस वर्षांचा श्वास फुंकला. माझ्या कानांना दडे बसले. लगेच मी बटण वर नेलं, इंजिन गरजलं आणि गाडी निघाली.

डॉक्टर हलले नाहीत. गाडी पूर्ण गेल्यावर त्यांनी सावकाश डोळे उघडले.

"इंजिन उत्तम," ते म्हणाले. "वजन आहे आवाजाला. डबे डावीकडून उजवीकडे जातात, तेही छान. शिंक तर इतकी खरी की मला रुमाल आठवला. पण शिट्टी फसली."

"शिट्टी?" मी विचारलं.

"कृत्रिम आहे. टोचते. तुमचा आतला वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर बिघडलाय, दाखवून घ्या. खरी शिट्टी अशी नसते."

पडदा बाजूला झाला. नाना शिट्टी तोंडात धरूनच बाहेर आले. ठरलं असं होतं की त्यांनी गुपचूप मागच्या दाराने जायचं आणि मी मग सावकाश उलगडून सांगायचं. पण शिट्टीचा अपमान त्यांना सोसला नाही. ते डॉक्टरांसमोर हातभर अंतरावर उभे राहिले आणि त्यांनी पुन्हा एकदा वाजवली.

मग शिट्टी तोंडातून काढून म्हणाले, "हाई बिघडेल शे का, डॉक्टरसाहेब?"

स्वयंपाकघरात एक भांडं पडलं. बायको तिथे जमिनीवर बसून हसत होती. डॉक्टरांनी हात पुढे केला, शिट्टी घेतली, उलटसुलट करून पाहिली, आपल्या स्टेथोस्कोपशी मनातल्या मनात तुलना केल्यासारखी. मग ती परत करत म्हणाले, "तरी खोलीत दोष आहेच."

जेवायला मात्र थांबले, आणि नानांच्या शेजारी बसले. नानांनी त्यांना भरीत आग्रहाने वाढलं. त्यानंतर डॉक्टर आले की माझ्या स्पीकरांबद्दल बोलणं टाळत. माझी मात्र एक पंचाईत झाली. डॉक्टर बोलले म्हणून मनात किडा शिरला, आणि मी गुपचूप तो वरच्या पट्टीचा स्पीकर खरंच तपासून घेतला. ठणठणीत होता.

पुढे त्या मार्गावरचं वाफेचं इंजिन गेलं, डिझेल आलं. नानांना मुलाने नाशिकला नेलं. ते जाताना मी त्यांना कॅसेटची एक प्रत करून दिली. महिन्याभराने त्यांचं कार्ड आलं. मुलाच्या छोट्या टेपरेकॉर्डरवर इंजिन प्रेशर कुकरसारखं वाजतं, काही इलाज सांगा, असं लिहिलं होतं. मी भौतिकशास्त्राला स्मरून उत्तर धाडलं. घरातलं मोठं पितळी पिंप रिकामं करा, टेपरेकॉर्डर आत सोडा आणि तोंडाशी कान ठेवा. खालच्या स्वरांना जोर येईल.

त्यांचं पुढचं कार्ड बायकोने मला मोठ्याने वाचून दाखवलं. "उपाय लागू पडला. इंजिनाला वजन आलं आहे. सूनबाई विचारते, पाणी कुठं भरायचं. मी सांगितलं, गाडी गेल्यावर."