आत्याच्या जीपची पुढची सीट

आत्याने करकचून ब्रेक दाबला. पुढे डोंगराची धार चिंचोळी होत गेलेली, दोन्हीकडे दरी आणि डावीकडचा रस्ता पावसाने कुरतडून नेलेला. उरलेल्यातून जीप जेमतेम जाईल, एवढंच.

"बोल की रे," ती शेजारी बसलेल्या शिंप्यावर खेकसली.

धारेवरच्या वस्तीतून खालच्या गावात जायला जीप ही एकच. आत्या सख्खी कुणाचीच नाही, पण सगळ्यांची आत्या. तिचा नियम एकच: पुढे बसेल त्याने गप्पा मारायच्या. गप्प राहायचं असेल तर मागे बसा. लोक तिला बडबडी म्हणतात. म्हणू देत. अडीनडीला गाडी तीच काढते, नावं ठेवणारे दार लावून घेतात.

शिंप्याची पंचाईत वेगळीच. तोंडात टाचण्या धरून धरून बोलायची सवयच गेलेली. त्यात मागे बायको कळा सोसत, नणंदेचा हात पिरगाळत पडलेली. दवाखाना खाली, गावात. आत्या काही गिअर टाकेना. शिंप्याला वाटलं, ही आता गाडी मागे वळवणार, मग आपल्या बायकोचं काय?

"काय बोलू, आत्या?"

मागून बायको कण्हतच म्हणाली, "अहो, बँडवाल्याचा कोट सांगा."

शिंप्याने सुरुवात केली. "दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या मी."

"मग?"

"मग काय, आठवडाभर तो तसाच वाजवत होता. म्हणायचा, उजवा हात आपोआप वर जातो."

आत्या खो खो हसली आणि हसता हसताच गिअर टाकला. चाकाखालून दगड घरंगळले. शिंपी थांबला नाही. आखूड परकर, उलटा खिसा, जन्मभराच्या सगळ्या चुका त्याने दवाखान्याच्या दारापर्यंत ओकून टाकल्या. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

पुढे पोर रांगायला लागल्यावर तो आत्याकडे पडदे लावायला गेला. आत्याने त्याच्यापुढे स्टूल सरकवलं. तो चेष्टेने म्हणाला, "तुम्हीच चढा की. दरीला न भिणारी बाई तुम्ही."

आत्या चहा टाकायला आत गेली. आत्याचे यजमान, काका, हळूच म्हणाले, "अरे, ती स्टुलावर पण चढत नाही. उंचावरून खाली नजर गेली की तिचे हातपाय गळतात. पहिल्यापासूनच. शेजारी कुणी बोलत असलं तरच तिला धारेवरून गाडी नेता येते."