आत्या आणि पंधरा वर्षांचा रहिवास

सरकारी कागदाशी इतक्या जिव्हाळ्याने वागणारी बाई अख्ख्या वाशिम जिल्ह्यात दुसरी झाली नसेल, हे मी पैजेवर सांगते. ही बाई म्हणजे माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. शिक्षण चौथी, नोकरी कुठलीच नाही. पण मेडशीच्या आसपासच्या चार-पाच गावांत ज्या पोरीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असेल, ती आधी कॉलेजात जात नसे, आमच्या ओसरीवर येई. उत्पन्नाचा दाखला कोण देतो, जातीच्या दाखल्याला पणजोबाचा कुठला कागद लागतो, डोमिसाइल म्हणजे राज्यातल्या रहिवासाचा दाखला कशाकशावर निघतो, हे तिला बाराखडीसारखं पाठ होतं. दाखला ‘मिळाला’ असं ती कधी म्हणायची नाही. ‘आला’ म्हणायची, जावई आल्यासारखा. आलेल्या दाखल्याला आधी पाटावर ठेवायचं, वरून हलक्या हाताने पुसायचं आणि मगच कुणाच्या हाती द्यायचं. एकदा मी घाईत एका दाखल्याची चौघडी केली, तर ती कळवळली. “शिक्क्यावर घडी पाडू नको वं पोरी, साह्यबाचं तोंड मोडते!”

झेरॉक्सवर तिचा जेवढा विश्वास होता तेवढा देवावर नव्हता. तसाही आमच्या घरात देव्हारा नव्हताच. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली एका जुन्या नऊवारीत बांधलेला कागदांचा गठ्ठा. कुठल्याही कागदाच्या पाच प्रती ती काढून ठेवी. एक लागते, एक हरवते, एक बाबू ठेवून घेतो, एक पावसात भिजते, आणि पाचवी? “पाचवी आपल्या जिवाच्या शांतीसाठी.” सेतू केंद्रातल्या संगणकाला ती ‘तो’ म्हणायची. सर्व्हर बंद पडला की रांगेतल्या सगळ्यांना सांगायची, “डोकं तापलं असल त्याचं. बसा जरा, पानी प्या.” मोबाइलवर ओटीपी यायचा, त्याला तिने ‘ओटी’ करून टाकलं होतं. भर केंद्रात मोठ्याने विचारायची, “आली काय वं तुही ओटी?” आणि कुठली तरी कॉलेजची पोरगी लाजून लाल व्हायची.

लग्नकार्यात तर तिला न्यायची चोरी होती. जऊळक्याला आमच्या नात्यातलं एक लग्न होतं. नवरीला हळद लागत होती, बायका गाणी म्हणत होत्या, आणि आत्या नवरीच्या कानाशी लागून विचारत होती, “तुहा डोमिसाइल निंगाला काय? आत्ताच काढून घे माय. उद्या नाव बदललं की दुप्पट कागद लागतात.” नवरी हळदीच्या तोंडाने ‘नाही’ म्हणाली. झालं! लग्नानंतर तिसऱ्या दिवशी आत्या त्या नव्या नवरीला आणि तिच्या नवऱ्याला घेऊन तालुक्याला हजर. नवरा बिचारा हातावरच्या मेंदीसकट रांगेत उभा. ती मुलगी पुढे डी.एड. झाली हे खरं, पण त्या नवऱ्याने आत्याला पाहून रस्ता बदलणं काही सोडलं नाही.

अशा या बाईच्या घरात, तिच्या सख्ख्या भाचीचाच डोमिसाइल अडला.

मी बारावी झाले. नर्सिंगला नंबर लागला. शिष्यवृत्ती मिळाली तर जायचं, नाही तर नाही, इतकं ते साधं होतं. बाबा रोजंदारीवर होते, त्यापलीकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. आत्याने गठ्ठा सोडला, कागद लावले, आणि आम्ही सेतू केंद्रात गेलो. तिथल्या माणसाने माझा जन्माचा दाखला पाहिला आणि मान हलवली. माझा जन्म आदिलाबादकडचा. आई-बाबा तेव्हा तिकडे कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. मी अडीच वर्षांची असताना ते मला घेऊन गावी परतले.

“मुलगी परराज्यात जन्मली आहे. इथल्या पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागेल.”

“परराज्यातली?” आत्या एवढ्या जोरात म्हणाली, की बाहेर उभे असलेले लोक आत डोकावले. “हे? हे पोट्टी? माह्या मांडीवर वाढेल हाये हे!”

“मांडी अपलोड होत नाही, मावशी.”

शाळेत गेल्यापासूनची बारा वर्षं कागदावर होती. प्रश्न होता तो शाळेच्या आधीच्या तीन वर्षांचा. अंगणवाडीचं जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं निघालं. लसीचं कार्ड आत्याने मोठ्या दिमाखाने काढलं, तर ते सगळं तेलुगूत. केंद्रातल्या माणसाने ते सुलटं धरलं, उलटं धरलं. हा कागद आपल्या बाजूचा नसून पलीकडच्या बाजूचा आहे, हे ध्यानात येताच आत्याने तो त्याच्या हातातून ओढून पदराखाली घेतला.

कागदपत्रं दाखवायची मुदत संपायला आठ दिवस राहिले होते. मी रडत होते. आत्या ओसरीवर बसून बोटं मोजत होती. दुसऱ्या दिवशी तिने मला, शेजारच्या काकूला आणि गावातल्या किराणा दुकानदाराला एस.टी.त घातलं आणि तहसीलला नेलं. तीन वर्षांना तीन माणसं, असा तिचा हिशेब. तिसरी ती स्वतः.

बाबू वैतागला. “मावशी, माणसं कशाला आणली? कागद पाहिजे.”

“कागद मानसंच लिहितात न साह्यब? मंग ज्याईनं पाह्यलं त्याईले इचारा.”

आतल्या खोलीत बसलेले अधिकारी हे ऐकत होते. ते हसले. त्यांनी तिला आत बोलावलं, सगळं ऐकून घेतलं आणि पटवाऱ्याने गावात जाऊन चौकशी करावी, जबाब घ्यावेत, असा शेरा मारून दिला. परतीच्या एस.टी.त आत्या तो शेरा मारलेला अर्ज दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती. जागा होती तरी बसली नाही, घडी पडेल म्हणून.

पटवारी दोन दिवसांनी दुपारी आला. आमच्याच ओसरीवर सतरंजी टाकली. अर्धं गाव जमलं. पहिला जबाब काकूचा.

“हे आली तवा नुसती तेलुगूत रडे,” काकू म्हणाली. “चार महिन्यांनी आपल्यासारखी रडाले लागली.”

पटवाऱ्याने मान खाली घालून ‘सदर मुलगी गावात वास्तव्यास होती’ असं लिहिलं. दुसऱ्या वर्षाचा दुकानदार. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या वर्षी मी त्याच्या दुकानातला अर्धा साबण खाल्ला होता आणि सगळ्या गावाने माझ्या तोंडचा फेस पाहिला होता. त्यावर चार जणांनी साक्ष दिली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

मग आत्याची पाळी. ती पुढे सरकून बसली. तिला इतकं सांगायचं होतं, की नेमकं कुठून सुरू करावं हे ठरवायलाच तिने दम घेतला. पण पटवाऱ्याने रीतीप्रमाणे आधी दुसरंच विचारलं.

“तुम्ही स्वतः या गावात कधीपासून राहता?”

आत्याने सतरंजीची एक दशी बोटात धरली.

गावात सगळ्यांना माहीत होतं. आत्याचं लग्न झालं होतं, दोन वर्षं ती सासरी होती, आणि एका सकाळी हातात पिशवी घेऊन एकटीच परत आली होती. का, ते तिने कोणाला सांगितलं नाही, आणि आमच्या घरात कोणी विचारलंही नाही. चार गावांच्या पोरींचे रहिवास तोंडपाठ सांगणारी बाई आता सतरंजीच्या दशा ओढत बसली होती. “तसं... लग्नाच्या आंधी होतो... मंग मधात...” एवढं म्हणून ती थांबली. पटवाऱ्याचा पेन कागदावर तसाच टेकलेला.

बाबा दाराला टेकून उभे होते. चार माणसांत बाबांचा आवाज मी तोवर क्वचितच ऐकला असेल.

“लिहा भाऊ,” ते म्हणाले, “जन्मापासून.”

पटवाऱ्याने वर पाहिलं.

“मधात दोन वर्सं पाहुनी म्हनून गेली होती. घर तिचं हेच हाये.”

पटवाऱ्याने क्षणभर बाबांकडे पाहिलं, मग आत्याकडे, आणि ‘जन्मापासून’ असं लिहिलं.

मुदतीच्या आदल्या दिवशी माझा दाखला आला. शिष्यवृत्ती मिळाली. आज मी अकोल्याला एका दवाखान्यात नर्स आहे. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आत्याला आता बारीक अक्षर दिसत नाही, तरी पोरी येतातच. त्या वाचतात आणि ती डोळे मिटून ऐकते. मी फोन केला की ती हल्लीचे नवे नियम मलाच समजावून सांगते. त्या दुपारबद्दल मात्र ती कधी बोलली नाही, बाबाही बोलले नाहीत, आणि मीही काढलं नाही.

त्या दिवशी जबाबावर सही करून ती ‘चहा टाकतो’ म्हणत आत गेली. चहा यायला फार वेळ लागला. पटवाऱ्याला पुढच्या गावी जायचं होतं, पण तो उठला नाही. कोणीच उठलं नाही. शेवटी आत्या ट्रे घेऊन बाहेर आली, डोळे लाल, तोंड धुतलेलं. चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. पहिल्या घोटाला पटवारी थांबला, त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी बशीत ओतला आणि सगळा पिऊन टाकला. मग पटवारीही प्याला, काकू प्याली, दुकानदार प्याला.

“आनखीन देऊ काय?” आत्याने विचारलं.

“द्या,” पटवारी म्हणाला.