डाव्या रांगेतल्या तीन डिस्क

तीन धडधाकट हार्ड डिस्क एकाच मिनिटात मरत नसतात. एवढी साधी गोष्ट कळायला मला दीड दिवस लागला, आणि तीही शेवटी एका बाईंनी दाखवून दिली. त्या बाई अकोल्यात नवरीचा मेकअप करतात.

मी अमरावतीचा. सर्व्हर, हार्ड डिस्क, त्यांचे डबे आणि तारा हा माझा धंदा. जिथं जातो तिथं दुरुस्तीच्या आधी एक भाषण देतो. भाषण चांगलं होतं, दुरुस्तीचं नशिबावर असतं.

अकोल्याच्या कडेला एका लग्नाच्या शूटिंगवाल्यांचं घर आहे. मागच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ, पुढच्या खोलीत बायकोचं पार्लर. मी त्यांना भाईजान म्हणतो, बायकोला भाभी. ते मला इंजिनिअर साहेब म्हणतात. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला मी दोनदा आपटलो हे त्यांना ठाऊक आहे, म्हणूनच म्हणतात.

त्यांच्या सर्व्हरला मी बारा खणांचा डिस्कचा डबा जोडून दिला होता. चार उभ्या रांगा, रांगेत तीन डिस्क. पहिल्या तीन रांगा भरलेल्या आणि उजवीकडची शेवटची रिकामी, पुढंमागं धंदा वाढला तर असावी म्हणून. सर्व्हरच्या पोटात एक कंट्रोलर कार्ड. नऊ डिस्कांचा संसार ते कार्ड सांभाळतं. बसवून झाल्यावर मी अर्थातच भाषण दिलं.

"एक डिस्क मेली, काही होत नाई. दोन मेल्या, तरी काही होत नाई. कॅमेऱ्याचे कार्ड बिनधास्त पुसा."

"अन् तिसरी मेली तं?" भाईजाननी विचारलं.

"तिसरी काहून मरन, भाईजान?"

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. माणूस भला आहे.

यंदाच्या हंगामात डाव्या रांगेतली वरची डिस्क लाल झाली. मी नवी टाकली. तीन आठवड्यांनी तिच्या खालची लाल झाली, तीही बदलली. आजकाल मालच असा येतो, असं म्हणून निघालो. आणि मे महिन्यात एका सकाळी फोन आला.

"साहेब, डाव्या रांगेचे तिन्ही दिवे लाल. एकदमच झाले. डबा केकाटून राहिला."

"कार्डं पुसले का?"

"तुमीच म्हणले ना बिनधास्त."

म्हणजे अख्ख्या हंगामातली लग्नं त्या डब्यात, आणि दुसरीकडं कुठंच नाहीत. त्यात एक लग्न त्यांच्या स्वतःच्या मुलीचं. लोकांची लग्नं कापून, जोडून, गाणी लावून वेळेवर जायची. घरचं मागून करू म्हणून तसंच पडून राहिलं होतं. आणि भाभींनी मुलीची रुखसती, म्हणजे पाठवणी, पाहिलीच नव्हती. होत्या तिथंच, अगदी दारात. पण रडून रडून काचा धुरकटल्या म्हणून चष्मा काढून कुणाच्या तरी हातात दिला, आणि पोरगी गाडीत बसली तेव्हा समोर सगळं रंगीत धुकं. 'व्हिडिओत पाहीन' या एका वाक्यावर त्या महिनाभर थांबल्या होत्या.

हे त्यांनी मला चहा देताना सांगितलं. मी कप तसाच खाली ठेवला आणि स्क्रू ड्रायव्हर काढला.

पहिला दिवस मी सर्व्हर उघडण्यात आणि बंद करण्यात घालवला. बाहेर ऊन असं की कुत्रीसुद्धा चौकशीला येत नव्हती. आत मात्र गारवा, कारण डब्याच्या डाव्या अंगाला मोठा कूलर घोंघावत होता. तो सल्लाही माझाच. 'एसी कशाले? कूलर लावा, अन् हवा थेट डब्यावर मारा.' मी त्याच्यापुढं घाम वाळवत स्वतःचं कौतुक करून घेतलं.

निदान झालं: कंट्रोलर कार्ड गेलं. संध्याकाळच्या बसनं अमरावतीला परतलो, घरात जपून ठेवलेलं तसलंच कार्ड घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पुन्हा अकोला. कार्ड मांडीवर धरून बसलो होतो. मूर्तिजापूरला शेजारच्या आजोबांनी विचारलं, "औषध हाये का?" मी म्हटलं, हो, पेशंट गंभीर आहे.

नवं कार्ड बसवलं. सहा डिस्क दिसल्या, डावीकडच्या तीन गायब. मग म्हटलं, तार खराब. तार बदलली. सहाच. मग डब्याला उद्देशून काही शब्द बोललो, ते इथं लिहीत नाही. भाईजान खुर्चीत बसून दिवे मोजत होते.

"साहेब," ते म्हणाले, "एक विचारू? या तीनमधल्या दोन तं तुमी आत्ताच नव्या टाकल्या ना?"

"हो."

"मंग तिन्ही संगनमतानं मेल्या का?"

मी हातातली तार खाली ठेवली.

सगळं बंद करून मी डाव्या रांगेतल्या तिन्ही डिस्क बाहेर काढल्या आणि टेबलावर उताण्या ठेवल्या. भाभी रिकामे कप न्यायला आल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला, एक डिस्क उचलली आणि तिचे जोडणीचे पितळी दात निरखले.

"याच्यात हे पांढरं काय हाये?"

"धूळ असन."

त्यांनी नखानं खरवडलं आणि नख माझ्यापुढं धरलं. "धूळ अशी नसते, भाऊ. हा खार हाये. आमच्या नळाले चढते, बकेटीले चढते, कूलरच्या जाळीले तं पापड जमते. आमच्या बोअरचं पाणीच खारं हाये."

आम्ही तिघांनी एकदमच मान वळवून कूलरकडं पाहिलं. तो बिचारा इमानदारीनं घोंघावत होता, खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब थेट डब्याच्या डाव्या अंगावर फेकत. अगदी मी सांगितलं होतं तसं.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मनात आलं की व्होल्टेजवर ढकलावं. वऱ्हाडात व्होल्टेजवर काहीही ढकलता येतं. पण भाभींचं नख अजून माझ्यासमोर होतं.

"भाईजान, कूलर मीच सांगतला होता."

"मले आठवते ना. सारं भाषण आठवते." मग उठून त्यांनी कूलर बंद केला. "आता रडू नका. इलाज सांगा."

इलाज पार्लरमधून आला. भाभींनी गालाला लाली लावायचा कोरा ब्रश दिला, मी पिशवीतलं स्पिरिट काढलं आणि तिन्ही डिस्कांचे दात असे घासले की कुठल्या नवरीचा मेकअप इतक्या नाजूक हातानं झाला नसेल. वर केस वाळवायच्या यंत्राची गार हवा. डब्यातले डावे खण मात्र आतून पार खाल्लेले होते, तिथं ब्रश पोचेना. पण उजवी रांग कूलरपासून लांब, कोरी करकरीत आणि रिकामी. तिन्ही डिस्क तिथं बसवल्या. सर्व्हर चालू केला.

एक, दोन, तीन... मी बोटानं मोजत होतो. नऊ.

मी ओरडणार तेवढ्यात कार्डानं पडद्यावर प्रश्न टाकला. कार्ड नवं, त्याच्या दृष्टीनं या नऊ डिस्क परक्या. कुठल्या तरी मंडपात शिरलेल्या पाहुण्यांना कुणी अडवावं, 'तुमी कोणाकडचे?' तशातला प्रकार. खाली दोन पर्याय: यांना आत घ्यायचं, की यांच्यावरची सगळी मांडणी पुसायची.

मी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"काय झालं?" भाईजाननी विचारलं.

झालं असं होतं की बऱ्याच वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला सासऱ्यांच्या शिकवणी वर्गातल्या सर्व्हरवर पडला होता. परकं म्हणजे कचरा, असं समजून मी पुसलं. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका सगळ्या गेल्या. त्या बॅचची पोरं अजून अमरावतीत दिसली की मला वाकून नमस्कार करतात. सासरे करत नाहीत.

हे सांगितल्यावर भाईजान खुर्ची ओढून जवळ आले. "मंग आता तुमी हात लावू नका. फक्त वाचा. मी दाबतो."

मी प्रत्येक अक्षर दोनदा वाचलं. भाभींनीही वाचलं. मग भाईजाननी 'आत घ्या'वर दाबलं आणि डोळे मिटले.

नऊ दिवे हिरवे झाले. डब्याचं केकाटणं थांबलं आणि खोलीत एवढी शांतता पसरली की रस्त्यावरच्या ऑटोचा हॉर्न मला मंगलाष्टकासारखा गोड वाटला. मी जमिनीवरच बसलो. भाईजाननी माझ्या डोक्यावर टपली मारली. त्या टपलीत सगळं आलं.

सोबत आणलेल्या मोठ्या डिस्कवर मी सारं उतरवायला लावलं. पहिलं त्यांच्या मुलीचं. ते उतरल्यावर, नीट आलं का पाहू, म्हणून भाभींनी रुखसतीच लावायला सांगितली. पदरानं चष्मा पुसला, पडद्याजवळ स्टूल घेतलं.

मुलगी दारातून बाहेर आली. मागं, अगदी मधोमध, एक गृहस्थ बिर्याणीची प्लेट घेऊन उभे, तोंड भरलेलं. मी.

"भाऊ, तुमी तिथंबी आडवे," भाभी म्हणाल्या, पण नजर हलली नाही. मुलगी त्यांच्या गळ्यात पडली. त्यांनी स्वतःलाच पाहिलं, चष्म्याशिवाय, आंधळ्यासारखं तिच्या चेहऱ्यावर हात फिरवताना. मग मुलगी वळली आणि सरळ कॅमेऱ्याकडं आली, अब्बा म्हणत. आणि चित्र हललं. असं हललं की आकाश, मंडप, गाडीचं चाक, सगळं एकात एक.

भाभी हळूच म्हणाल्या, "तुमी तं सांगत होते, तीस वर्षांत माझा कॅमेरा कधी हलला नाई."

भाईजान बंद कूलरकडं पाहत होते.

"मंडपातबी कूलर होते ना," ते म्हणाले. "हवेनं हलला असन."

भाभींनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मागं घ्या," म्हणाल्या. "परत लावा."