रस्त्याकडं तोंड केलेला ट्रक

मस्तानभाईंचा फोन आला तेव्हा मी अंगणात हरभरा निवडत होते. कौशी गेली, असं त्यांनी सांगितलं. भूमच्या पलीकडं एका गावात जत्रेसाठी त्यांनी खेळ लावला होता. सकाळी उठून तिनं चहा टाकला, चहा उतू गेल्याचा वास आला तरी ती बाहेर आली नाही, म्हणून त्यांनी दार वाजवलं... कौशी माझी धाकटी बहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. खरं तेच लिहायचं म्हणून लिहिते. फोन ठेवल्यावर मला रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की आता तिचा तो डबा कायमचा माझ्या दारात येणार. तिला आमच्याच गावी आणून अग्नी दिला, त्याला आता सव्वा महिना झाला. त्या विचाराची लाज अजून गेलेली नाही. त्या लाजेच्या मागं आणखी जुनी एक लाज आहे. मी चौथी शिकलेली बाई, मला लिहायची सवय नाही, पण ती जुनी लाज कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण गोड लागायचं नाही.

डबा म्हणजे कौशीची ट्रॉली. तिचा नवरा रघुनाथ ढोकीला कारखान्यात वेल्डर होता. त्याला नोकरीचा कंटाळा आला आणि त्यानं एका म्हाताऱ्या जत्रावाल्याकडून लहान पोरांचा फिरता पाळणा घेतला. त्यात आठ लाकडी घोडे, चार मोटारी आणि सोंड तुटलेला एक हत्ती होता. हे सगळं न्यायचं कशात? तर त्यानं उसाच्या दोन जुन्या ट्रॉल्या कापून एकीला एक जोडली, वर पत्र्याचं छप्पर टाकलं. मागचं फळकं खाली पाडलं की उतार व्हायचा, त्यावरून घोडे आणि मोटारी ढकलत आत न्यायच्या. पुढच्या भागात दोघांची खोली. लोखंडी बाज, शेगडी, देवाची फळी, खिडकीला पडदासुद्धा. एवढं लांब धूड आमच्या भागात कुणी पाहिलं नव्हतं. दिवाळी झाली की ते दोघं निघायचे, चैत्राच्या जत्रा उरकून परत यायचे, आणि पावसाळ्याचे चार महिने डबा आमच्या रानात लावायचे. रघुनाथ वारला तेव्हा सगळ्यांना वाटलं, ही आता खेळ मोडीत घालील. हिनं ट्रॅक्टर चालवायला मस्तानभाईंना ठेवलं आणि त्याच दिवाळीला पुन्हा निघाली.

मला तिच्या धंद्याची लाज वाटायची. माझे मालक हयात होते तेव्हा त्यांना काही वाटत नव्हतं. ते जाऊन घोड्यावर बसून यायचे. पण आम्ही चाळीस एकरवाले, गावात मान असलेले, आणि आमची सख्खी बहीण भोंगा लावून पोरं गोळा करते, हे मला सोसत नव्हतं. म्हणून डबा मी घरामागं, कडब्याच्या गंजीच्या पलीकडं लावायला सांगायची. वाटेवरून दिसू नये एवढंच माझं बघणं होतं. कौशीनं कधी का म्हणून विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाली, "आक्का, घोड्यांस्नी कडबा चालत न्हाय गं, त्येंच्यासमोर कशाला ठिवतीस?" आणि स्वतःच हसली.

माझ्या मुलाचं, दत्ताचं लग्न ठरायचं होतं त्या वर्षीची गोष्ट. कळंबची पाहुणेमंडळी घर बघायला येणार होती. मुलीचे वडील शाळेत मास्तर, वागायला कडक, असं ऐकलं होतं. पाहुणे परसात जाणार, रान बघणार, म्हणजे डबा दिसणारच. मी आदल्या दिवशी कौशीला सांगितलं, चार दिवस हा डबा इथून हलव. आठवडाभर झड लागलेली होती. आमचं रान काळं, भिजल्यावर त्यात म्हैस रुतते. ती म्हणाली, "आक्का, निघायचं न्हाय. टायर बसलेत. पावसानं उघाड दिऊ दे, मग जाते." मी म्हणाले, ट्रॅक्टर कशाला ठेवलाय मग.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती आणि मस्तानभाई खटपट करत होते. दगड घातले, कडबा घातला, तुराट्या घातल्या. ट्रॅक्टरची मागची चाकं जागेवर फिरत राहिली, पुढची चाकं जमीन सोडून वर यायला लागली. डबा एका अंगाला कलला, मागचं फळकं निसटून पडलं आणि दोन घोडे चिखलात आले. नेमके तेव्हा पाहुणे आले. सगळे परसात जाऊन उभे. मास्तरांनी मला विचारलं, हे कोण? मी म्हणाले, "जत्रावाले आहेत. वाटसरू. पावसात अडकले म्हणून जागा दिली."

कौशी दहा हातांवर होती. गुडघ्याएवढ्या चिखलात, घोड्याची मान धरून. तिनं ऐकलं. मला वाटलं, आता ही बोलते. तिनं घोडा सोडला, पाहुण्यांना हात जोडले आणि म्हणाली, "व्हय जी. बाईंनी जागा दिली, लई उपकार झाले."

मला बाई म्हणाली... आम्ही एका ताटात जेवलेल्या. तिच्या डोक्यातल्या उवा मी काढलेल्या. आणि मला त्या वेळी काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. पाहुण्यांना मी घरात नेलं, पोहे दिले, लग्न ठरलं.

तिला लग्नाला येऊ नको असं मी म्हणाले नाही. म्हणायची वेळच तिनं येऊ दिली नाही. तिनं निरोप पाठवला, दुसरीकडं खेळ लावलाय, जमायचं नाही, पोराला माझा आशीर्वाद सांग. त्या दिवशी आसपास कुठंही जत्रा नव्हती, हे मला कॅलेंडर बघून कळलं असतं. मी बघितलं नाही. दोन वर्षांनी येरमाळ्याच्या जत्रेत दत्तानं आपल्या सासऱ्यांना मावशीपुढं नेऊन उभं केलं आणि खरं ते सांगून टाकलं. मास्तर हसले म्हणे. नातीला घेऊन मोटारीत बसले आणि घरी येऊन मला म्हणाले, "अहो, सांगायचं की तेव्हाच, आमचा काय आक्षेप होता?" म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी सख्खी बहीण वाटसरू केली, ती गोष्टच नव्हती.

त्याच्या आधी, लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कौशी माझ्याकडं आली. ट्रॅक्टर काढायचा म्हणाली, डबा ओढायला ट्रक बघायचाय, तू संगं चल. मी गेले. नाही म्हणायला तोंड नव्हतं. सोलापूरच्या बाजूला जुन्या गाड्यांची दोन-तीन आवारं होती, तिथं दोन दिवस फिरलो. मस्तानभाईंनी तिचा भरला डबा ट्रॅक्टरला जोडून सोबत आणला होता. विकणारे म्हणायचे, रिकामी चालवून बघा, पाण्यासारखी पळते. ती म्हणायची, "रिकाम्या गाडीचं कवतिक नगं, माझं वझं लावून दावा." रघुनाथनं तिला शिकवलं होतं, ओढणारी गाडी ओझ्यापेक्षा हलकी असली तर उतारावर ओझंच गाडीला ढकलतं. म्हणून ती ओढून बघायची आणि घाटाच्या उतारावर थांबवूनही बघायची. हूक किती उंच आहे ते विती लावून मोजायची. माणसं तिच्याकडं बघत राहायची. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तिच्याकडं बघत होते. ही इतकं जाणते, हे मला पन्नाशी उलटून गेल्यावर कळत होतं.

एक सहा चाकी ट्रक सगळ्यांना पसंत पडला. बेताचा, डिझेल कमी खाणारा, घाट सहज चढणारा. मस्तानभाई म्हणाले हाच घेऊ. मीही तेच म्हणाले. कौशी मात्र कोपऱ्यातल्या एका हिरव्या गाडीपाशी जाऊन उभी. मिलिटरीनं लिलावात काढलेला ट्रक, सगळ्या चाकांना ओढ असलेला. डिझेल प्यायचा बैलासारखं, बसायला चढायचं तर दोन माणसांनी हात द्यावा लागायचा. तिनं त्या विकणाऱ्याला एकच विचारलं, "भिजल्या काळ्या रानातनं भरला डबा एका दमात काढंल का?" तो म्हणाला, ताई, नदीतून काढंल. मी हसले. म्हणाले, "अगं, तुझ्या सगळ्या वाटा आता डांबरी झाल्या. ट्रक घेतीस का नांगर?" तिनं माझ्याकडं बघितलं आणि तोच घेतला. घरी येऊन मी सुनेला सांगितलं, आमच्या कौशीला हिशोब कशाचाच नाही.

त्यानंतर दर पावसाळ्याला ती आली. मी आता डबा कुठंही लाव म्हणायची, ती मात्र गंजीच्या पलीकडंच लावायची. फक्त ट्रकचं तोंड रस्त्याकडं. तिला एकदोनदा मी विचारलं, ट्रक सोडून बाजूला लाव की, बैल जुंपल्यासारखा चार महिने कशाला उभा करतीस? ती म्हणायची, असू दे, पुन्हा जोडायचा कट्टाळा येतो. तिनं कंटाळा केलेला मी जन्मात पाहिला नव्हता. तरी मला ते पटलं.

तेरावा झाल्यावर मस्तानभाई डबा घेऊन आले. मी सांगितलं, पुढं घ्या, दारासमोर, लिंबाखाली. त्यांनी ट्रक वळवला, रस्त्याकडं तोंड करून उभा केला आणि उतरले. मी म्हणाले, आता तरी सोडा त्या बिचाऱ्याला. ते हातोडी आणायला गेले आणि जाता जाता सहज बोलले. माणूस साधा आहे, टोचून बोलणारा नाही.

"कौशीबाईंनी कधी सोडू दिला न्हाई," ते म्हणाले. "मी दरसाल म्हणायचो, स्प्रिंगचे पाटे बसतील, हूक झिजंल. त्या म्हणायच्या, मस्तानभाई, आक्कानं ऊठ म्हटलं की त्याच घडीला उठता आलं पायजे. पुन्यांदा तिच्या पाव्हण्यांम्होरं चिखलात नगं. म्हणून तर ह्यो ट्रक घेतला."

मी तोंड फिरवलं. त्यांना वाटलं मी रागावले. म्हणाले, तुम्हाला ठाव असंल म्हणून बोललो.

मला ठाऊक असायला हवं होतं. ती माझ्यासमोर त्या माणसाला विचारत होती, भिजलेल्या काळ्या रानातून. तिच्या सगळ्या वाटेवर तसं रान एकच होतं, माझं. आणि मी खुर्चीवर बसून हसत होते. बारा पावसाळे ती माझ्या रानात राहिली, माझ्या घरी भाकरी खाल्ली, माझ्या नातवंडांना घोड्यावर बसवलं, आणि बारा पावसाळे निघायच्या तयारीत राहिली. मी पुन्हा कधी ऊठ म्हणाले नाही. पण म्हणणार नाही, असंही मी तिला कधी सांगितलं नाही. एवढं एक वाक्य... मला सुचलंच नाही.

मस्तानभाई हातोडी घेऊन आले, वाकले. ट्रकच्या हुकात आणि डब्याच्या दांडीत एक पिन आहे, मनगटाएवढी जाड. वरचं टोक गंजलेलं. त्यांनी हातोडी उचलली आणि मी म्हणाले, राहू द्या. ते माझ्याकडं बघत राहिले. ती पिन निघाली असती तर मला बरं वाटलं असतं. म्हणूनच काढू दिली नाही.

आता डबा दारासमोर आहे. गावात नवा कुणी आला की विचारतो, हे कुणाचं? मी सांगते, माझ्या सख्ख्या बहिणीचा. कुणी विचारलं नाही तरी सांगते. रोज सकाळी खोली झाडते, घोडे पुसते, उतू गेलेल्या चहाचा डाग शेगडीवर आहे तो तसाच ठेवलाय. झाडून उतरले की समोर ट्रक दिसतो. जोडलेला, रस्त्याकडं तोंड केलेला. यंदाचा पाऊस जवळ आलाय. रान भिजेल, चिखल होईल, आणि हा ट्रक डब्यासकट एका दमात बाहेर निघेल. तिनं तपासून घेतलेला आहे.